दुबई की सिंगापूर? मुलांच्या शाळेसाठी कोणतं शहर बरं?

फोंड्याची_सून
नमस्कार मंडळी. यजमान वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत आहेत. कंपनीने दोन जागा पुढे केल्यात, दुबई किंवा सिंगापूर, निदान चार वर्षांसाठी. निवड आमच्यावर सोडलीय. हातात पैसे दोन्हीकडे साधारण सारखेच पडतील असं एचआरवाली म्हणते.
मुलगी सातवीत आहे, गोवा बोर्ड, इंग्रजी माध्यम. मुलगा पाच वर्षांचा, केजीत. सासूबाईंचं मत दुबईला, कारण हाक मारली की येता येतं. नवऱ्याचा ओढा सिंगापूरकडे. मला एवढंच बघायचंय की शाळेच्या दृष्टीने कुठे जावं. सीबीएसई घ्यावं की आयबी, म्हणजे ते आंतरराष्ट्रीय बोर्ड? फी झेपेल का? आणि परत आल्यावर मुलगी कुठे बसेल? शाळांच्या साइट बघून डोकं भंजाळलंय. सगळीकडे तेच हिरवं मैदान आणि तीच हसरी पोरं.
तिथे राहिलेल्यांनी कृपया लिहावं. ऐकीव माहिती माझ्याकडे भरपूर आहे.

दर्यावर्दी
सिंगापूर. तिथे पोरंच काय, नवरेसुद्धा वळणावर येतात.

खाजें
आधी फी कंपनी भरणार की तुम्ही, हे विचारा. बाकीची चर्चा त्यानंतर.

म्हापशाची_आबोली
आम्ही दुबईत बरीच वर्षं काढून दोन्ही मुलांसकट म्हापशाला परतलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
तिथल्या सरकारी शाळा आपल्यासाठी नाहीत असंच धरून चाला. परदेशी लोकांची मुलं खासगी शाळांतच जातात, आणि त्या शाळांचे सरळ दोन बाजार आहेत. एक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा, बहुतेक सीबीएसई, थोड्या आयसीएसई. तिथे वर्षाला १० ते २० हजार दिऱ्हमांत बरी शाळा मिळते, काही त्याहूनही स्वस्त आहेत. दुसरा ब्रिटिश आणि आयबी शाळांचा. तिथे बऱ्या शाळेला साधारण ४० हजारांपासून सुरुवात, आणि वरच्या शाळा लाखाच्या घरात. बसचे पैसे दोन्हीकडे वेगळे.
चांगली गोष्ट अशी की सगळं उघड्यावर असतं. केएचडीए नावाचं सरकारी खातं शाळा तपासून शेरा देतं, आउटस्टँडिंगपासून खाली वीकपर्यंत, आणि अख्खा अहवाल नेटवर फुकट वाचता येतो. गणिताचा दर्जा पाचवीपर्यंत चांगला, आठवीत घसरतो, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फी मनाला येईल तशी वाढवता येत नाही, दरवर्षी किती टक्के वाढवायची ते खातं ठरवतं. मात्र २०२४-२५ पासून पूर्ण तपासण्या थांबवल्या होत्या, तेव्हा शाळा शेरा मिरवत असेल तर तो कुठल्या वर्षाचा ते बघून घ्या.
अरबी नववीपर्यंत सक्तीची आहे, आपल्या मुलांनाही. मुलगी आठवीत गेली तर तिला दोन वर्षं करावी लागेल. घाबरू नका, नव्याने येणाऱ्यांसाठी पातळी वेगळी असते. माझा मुलगा अजून दुकानाच्या पाट्या वाचून दाखवतो, बोलता एक वाक्य येत नाही.
उन्हाचं मात्र कुणी सांगत नाही. सकाळची बस साडेसहाच्या आत. जूनमध्ये मी बाटलीत रात्रीच अर्धं पाणी गोठवून ठेवायचे आणि सकाळी वरून भरायचे. बस येईपर्यंत बर्फाचा खडा लिंबाएवढा उरलेला असायचा. मे ते सप्टेंबर मैदानावरचा खेळ जवळजवळ बंद. ब्रोशरमधलं हिरवं मैदान तेव्हा कुणी वापरत नाही.

अंत्रुजी
आबोलीताई, छान लिहिलंत. दुबईतलं इंडियन हायस्कूल १९६१ सालचं, म्हणजे आपल्या गोव्याची मुक्ती आणि ती शाळा एकाच वयाच्या. फी कमी, त्यामुळे केजीच्या जागा सोडत काढून देतात. सूनबाईंच्या मुलाचं नाव निघालं तर दगडूशेठला नको, मंगेशीला नारळ फोडा. जवळ पडतो.

पेडण्याचा_सिंगापुरी
आता दुसरी बाजू. मी इथेच आहे, मुलगी नववीत.
लोकांच्या डोक्यात 'सिंगापूरच्या शाळा' म्हणजे इथल्या सरकारी शाळा असतात. त्या नावाजलेल्या आहेत, शंकाच नाही, पण त्यांची दारं आपल्यासाठी किलकिलीच उघडतात. पहिलीत परदेशी मुलांचा नंबर सगळ्यांत शेवटी, नागरिक आणि पीआर (कायमचे रहिवासी) यांना देऊन जागा उरल्या तर. वरच्या वर्गांसाठी एईआयएस ही परदेशी मुलांची प्रवेश परीक्षा, इंग्रजी आणि गणित. गणिताचे पेपर बघून ठेवा, आपल्याकडच्या सातवीतल्या हुशार मुलालाही घाम फुटेल. पास झाली तरी जागा मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर शाळा तुम्ही निवडत नाही, ते सांगतील ती. फी नागरिकांच्या कित्येक पट.
म्हणून मग इंटरनॅशनल. टँगलिन ट्रस्ट १९२५ ची, अमेरिकन स्कूल १९५६ ची, युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९७१ चं. जुनी, भक्कम घराणी. फी वरच्या वर्गांना वर्षाला ४० हजार सिंगापूर डॉलरच्या पुढे, म्हणजे एका मुलाचे तीस लाख रुपयांच्या आसपास. भारतीय वळणाच्या शाळा आहेत, तिथे सीबीएसई साधारण निम्म्यात होतं, पण दुबईच्या सीबीएसईशी तुलना केलीत तर तरीही डोळे पांढरे होतील.
मग इथे का राहतो मी? कारण माझी मुलगी एकटी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून शाळेत जाते, संध्याकाळी वाचनालयात जाते आणि एकटी घरी येते. मी तिला न्यायला-आणायला गाडी घेतली नाही. घेणारही नव्हतो म्हणा. इथे गाडी ठेवण्याचा दहा वर्षांचा परवानाच गेल्या काही वर्षांत लाख डॉलरच्या वर गेलाय, गाडीची किंमत वेगळी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मिळणारी ही मोकळीक कुठल्या फीच्या तक्त्यात मांडता येत नाही. आबोलीताई, दुबईत मुलगी एकटी फिरायची का?

म्हापशाची_आबोली
@पेडण्याचा_सिंगापुरी, फिरायला भीती नव्हतीच, शहर सुरक्षित आहे. पण चालणार कुठे? उन्हात, आठ पदरी रस्त्याच्या कडेने? मेट्रो घराजवळ असेल तर गोष्ट वेगळी. हा मुद्दा तुम्हाला दिला.

रोखठोक_मडगाव
फीचं बोलताय तर कराचंही बोला. दुबईत पगारावर आयकर नाही. सिंगापुरात आहे, आणि कंपनीने मुलांची फी भरली तर तीसुद्धा तुमचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. 'हातात सारखेच' म्हणजे फी धरून की फी सोडून? कर कापून की कापायच्या आधी? एचआरवालीकडून हे लिहून घ्या. तोंडी बोलण्याला चार वर्षांनी कुणी ओळख देत नाही.

खाजें
मी वर एका ओळीत तेच लिहिलं होतं. लांब लिहिलं की लोक वाचतात असं दिसतं.

रोखठोक_मडगाव
खाजें, तुमची ओळ गोड होती, म्हणून तोंडात विरघळली.

दर्यावर्दी
तिसरा पर्याय कुणी सुचवला नाही अजून. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आजोबा असतील तर पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बन. पोर्तुगालच्या सरकारी शाळेत फी नाही.

अंत्रुजी
आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो ते? धागा शाळेचा आहे, तो अर्ध्या गोव्याच्या भांडणात ओढू नका.

दर्यावर्दी
ओढत नाही. आजोबा १९३८ चे असल्यामुळे आमच्याकडे हे भांडण रोज जेवताना होतं, सवयीने लिहून गेलो.

निवृत्त_मास्तर
सगळे शहरांवर बोलत आहेत, मुलीचं वय कुणी मोजलेलं नाही. चार वर्षं म्हणजे आठवी, नववी, दहावी, अकरावी. परत येणार ते बारावीच्या तोंडावर. ही सगळ्यांत वाईट वेळ आहे.
सीबीएसईत अकरावी-बारावी एकच अभ्यासक्रम मानतात. बारावीला शाळा बदलायची तर पालकांची बदली वगैरे कारण दाखवावं लागतं, आणि विषय तेच हवेत. तरी ते जमतं. आयबीत डिप्लोमाची दोन वर्षं अकरावी-बारावीची, सहा विषय, त्यातले तीन वरच्या पातळीचे, शिवाय चार हजार शब्दांचा निबंध. तो अर्ध्यावर सोडून पर्वरीच्या उच्च माध्यमिकात येऊन बारावी देणं म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.
आयबीचं बारावी भारतात मान्य आहे, त्याची काळजी नको. पण नीट किंवा जेईई द्यायची असेल तर अभ्यासक्रमाची सांगड बसत नाही, वेगळा क्लास लावावा लागतो. तेव्हा मुलगी पुढे काय करणार याचा थोडा तरी अंदाज हवा. आयबी वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिकवण्याची पद्धत आपल्याहून सरस आहे, हे पन्नाशीनंतर का होईना मान्य केलं पाहिजे.

तिसऱ्यांचं_सुकें
मास्तर, सरस कसली! माझ्या भाच्याला आयबीच्या प्रायमरीत पाढे येत नाहीत. 'का' विचारतो, पण सात आठे किती ते नाही सांगत.

निवृत्त_मास्तर
सात आठे छप्पन्न सांगणारी पिढी मी घडवली. त्यातल्या कुणी मला 'का' विचारलं नाही. दोन्ही हवं.

माटोळी
मला एकच विचारायचंय. चवथीला, गणपतीत, मुलं येणार का?

म्हापशाची_आबोली
@माटोळी, हा धाग्यातला खरा प्रश्न. येत नाहीत हो. दुबईची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्ट, आणि चवथ नेमकी शाळा उघडल्यावर. २०२५ मध्ये शाळा २५ ऑगस्टला उघडल्या आणि चवथ २७ ला! दोन दिवसांनी हुकली. आम्ही मुलांना थांबवून घेतलं आणि शाळेकडून गैरहजेरीचं पत्र आलं. चवथ त्याहून उशिरा असली तर सुट्टी घेऊन आणायचं, दुसरा मार्ग नाही. सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर 'हाक मारली की येता येतं' हे खरं वाटून त्या माटोळीची (गणपतीवर बांधायच्या फळांची) यादी करून बसतील.

पेडण्याचा_सिंगापुरी
इथेही तीच गत. दिवाळीची सरकारी सुट्टी आहे, एक दिवस. चवथीची नाही. मी दरवर्षी एकटा जातो, बायको-मुलगी व्हिडिओवर आरती म्हणतात आणि नेट नेमकं 'घालीन लोटांगण'ला अडकतं.

बोरीची_बाय
हे वाचून मुलांना फोंड्यातच ठेवावं असं वाटायला लागलंय.

फोंड्याची_सून
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला.
एचआरला लेखी विचारलं. उत्तर असं: फी कंपनी देईल, पण दोन्ही मुलांची मिळून एक ठरावीक रक्कम, दोन्ही शहरांना एकच. वरचं आपण भरायचं. त्या रकमेत सिंगापुरात एका मुलाची आयबीची फीसुद्धा पुरी होत नाही, दुबईत दोघांची सीबीएसई होऊन उरतात. हातात सारखेच पैसे म्हणजे फी सोडून, असं निघालं. रोखठोक, तुम्ही बरोबर ओळखलंत.
आणखी दोन प्रश्न. एक, मुलाचं काय, सिंगापुरात मुलांना सैन्यात जावं लागतं म्हणे? दोन, माझं बी.एड. झालंय, इथे माध्यमिकला गणित शिकवते. मला काम मिळेल का कुठे?

पेडण्याचा_सिंगापुरी
सैन्याचं: वर्क पासवर आलात तोवर प्रश्नच नाही. पीआर घेतलंत आणि मुलालाही तुमच्याबरोबर मिळालं, तर त्याला अठराच्या सुमारास दोन वर्षं राष्ट्रीय सेवा. चार वर्षांत परत जाणार असाल तर सोडून द्या. पण इथे आलेली माणसं चार वर्षांचे बारा कधी करतात ते त्यांनाही कळत नाही, म्हणून ध्यानात असू द्या.
तुमच्या नोकरीचं: डिपेंडंट पासवर आलेल्या बायकोला २०२१ पासून स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. आधी एका पत्रावर भागायचं, ते बहुतेकांसाठी बंद झालं. अशक्य नाही, अवघड आहे.

म्हापशाची_आबोली
अहो, हे आधी का नाही सांगितलंत! गणिताची बी.एड. शिक्षिका म्हणजे दुबईतल्या भारतीय शाळांना हवीच असते. नवऱ्याच्या व्हिसावर राहून कामाचा परवाना काढता येतो. आणि बऱ्याच शाळा शिक्षकांच्या मुलांना फीत सवलत देतात. पगार फार नसतो, आधीच सांगते, वह्या तपासायला मात्र घरी ढीग येतो. पण मुलं तुमच्याच बसने जातात-येतात, आणि शाळा आतून कशी आहे हे कुठल्याही अहवालापेक्षा आधी कळतं.
पदवीची कागदपत्रं इथूनच साक्षांकित करून न्या, तिथे गेल्यावर धावाधाव नको.

कागदी_घोडा
कागदपत्रांचा विषय निघाला म्हणून थांबवत नाही स्वतःला, हाच माझा धंदा. दुबईसाठी अपोस्टिल (करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का) चालत नाही, यूएई त्या करारात नाही. आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, असा तीन पायऱ्यांचा जिना. बी.एड.ची पदवी, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. शाळेचा दाखला आधी शिक्षण खात्याकडून प्रतिसही करून घ्या, मुख्याध्यापकांच्या एकट्या सहीवर भागत नाही. सिंगापूरला अपोस्टिल चालतं, ते सोपं. तिथे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पासला गोवर आणि घटसर्पाच्या लसीची नोंद लागते, लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा.
आणि सगळ्यांत आधी नावांची स्पेलिंगं जुळवा. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि लग्नाच्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचं तिसरं, अशी घरं मी रोज बघतो. दुरुस्तीला लागणारा वेळ व्हिसाच्या वेळेत धरलेला नसतो.

तिसऱ्यांचं_सुकें
माझ्या वडिलांच्या आडनावाची चार स्पेलिंगं आहेत. बँकेत गेले की विचारतात, आज तुम्ही कोण?

अंत्रुजी
मराठीचं काय करणार? मुलगी इथे मराठी वाचते ना?

फोंड्याची_सून
वाचते. दिवाळी अंकातल्या कथा वाचते, मोठ्यांच्यासुद्धा, मी लपवलेल्या. शाळेत तिसरी भाषा मराठी आहे.

पेडण्याचा_सिंगापुरी
इथे सरकारी शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ, आणि तमिळ नसलेल्यांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी नाही, कोकणी तर नाहीच. महाराष्ट्र मंडळाचे मराठीचे वर्ग आहेत, मंडळी मनापासून शिकवतात. पण आठवड्यातून एकदा शिकून कथा वाचणारं मूल तयार होत नाही, असलेलं टिकतं फार तर.

म्हापशाची_आबोली
दुबईतही मंडळ आहे, गणपती, नाटकं, सगळं. शाळेत बहुधा हिंदी किंवा फ्रेंच घ्यावी लागते. आमच्याकडे मुलीला मराठी वाचायला लावण्याचा एकच उपाय लागू पडला. आजीला मेसेज मराठीतच टाइप करायचा, आणि आजी रोमन लिपीतल्याला उत्तर द्यायची नाही.

कुळागर
उशिरा आलोय, पण कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मास्तरांनी बारावीचा मुद्दा काढला, त्याला जोडून. परदेशात शिकलेल्या मुलांसाठी एनआयटीत दासा नावाची वेगळी वाट आहे, जेईई मेनच्या गुणांवर. त्यात आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांचा स्वतंत्र गट असतो आणि त्यांना फी इथल्या मुलांएवढीच लागते. सिंगापूरहून आलेल्या मुलाला त्याच वाटेने यायचं तर फी डॉलरात, बरीच जास्त. आमच्या नात्यातला मुलगा मस्कतहून याच वाटेने आला, आज इंजिनियर आहे. मात्र त्यासाठी शेवटची वर्षं आणि बारावी परदेशातच झालेली लागते. नियम दरवर्षीच्या माहितीपत्रकात बघा.
म्हणजे सूनबाईंच्या मुलीचं कसं? चारऐवजी पाच वर्षं राहिलात तर बारावी तिथेच होते. चारच राहायचं असेल तर दहावी करून आई-मुलगी एक वर्ष आधी परत या. अधलीमधली चार वर्षं काढून घोळ घालू नका.
आणि एक, आता आपल्याकडेही २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात. दुबईतल्या सीबीएसई शाळाही एप्रिलमध्येच. मार्चला परीक्षा देऊन लगेच निघालात तर वर्ष वाया जात नाही. ब्रिटिश आणि आयबी शाळा दोन्ही शहरांत ऑगस्टच्या सुमारास.

बोरीची_बाय
इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर पुढे सरकारी नोकरीला तो १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, त्याचं काय?

कागदी_घोडा
मामलेदार कार्यालयात विचारा, तेही परदेशी जाण्याआधी, आल्यानंतर नाही. घर, मतदार यादी, बिलं, सगळ्यांच्या प्रती जपून ठेवा. यापुढचं इथे लिहिणं बरं नाही, व्यनि (खासगी निरोप) करा.

रोखठोक_मडगाव
कुळागरांशी सहमत, पण मुलगी इंजिनियर होणार हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिला कुणी विचारलं का?

फोंड्याची_सून
विचारलं, आत्ताच. ती म्हणते जिथे लायब्ररी मोठी तिथे जाऊ. म्हणजे सिंगापूर पुन्हा शर्यतीत आलं.
पण खरं सांगायचं तर माझा कौल दुबईच्या सीबीएसईला झुकलाय, पाच वर्षं देणार असतील तरच. नवऱ्याने कंपनीला पाचव्या वर्षाबद्दल ईमेल टाकलाय. उत्तर चार वर्षांवरच अडलं तर मी दहावीनंतर मुलांना घेऊन परत, असं आमचं आज रात्री ठरलं. नवरा हे वाचतोय, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.
आबोलीताई, व्यनि केलाय. कुठल्या भागात घर घेतलं की बस कमी वेळ लागते ते हवंय.

म्हापशाची_आबोली
उत्तर दिलंय. आधी शाळा पक्की करा, मग घर. उलटं केलंत तर मुलं पहाटे पाचला उठतील. आणि घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात, ते पैसे पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवा.

पेडण्याचा_सिंगापुरी
लायब्ररीसाठी सुट्टीत इकडे या, मुलीला कार्ड काढून देतो. बांगड्याचं हुमण मात्र तुम्ही करायचं, इथे त्रिफळं मिळत नाहीत.

नवी_वाळपई
आमचंही असंच आहे, पण कतार की ओमान. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

खाजें
वेगळा काढा. आणि पहिल्याच ओळीत लिहा, फी कोण भरणार.